पिंपभर शिळं पाणी

वाघोलीला आम्ही राहायला गेलो तेव्हा बिल्डरच्या माहितीपत्रकात 'चोवीस तास पाणी' असं छापलेलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. पाणी चोवीस तास असे. फक्त ते नळात नसून टँकरमध्ये असे, आणि टँकर रस्त्यात कुठेतरी असे.

त्याआधी आम्ही पेठेत दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. माझी नोकरी खराडीला, काचेच्या एका इमारतीत. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हे माझं काम, आणि त्याचा मला पगार मिळे. त्या पगाराच्या जिवावर कर्ज काढून आम्ही पाचव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. पेठेतल्या नातेवाइकांना नगर रस्त्यावरची वाघोली पुण्यात वाटत नसे. एका काकांनी निरोप देताना विचारलं, "नगरला पोचलात की कळवाल ना?"

पहिला उन्हाळा आला आणि सोसायटीच्या बोअरने आधी पाणी दिलं, मग गढूळ पाणी दिलं आणि मग नुसती हवा दिली. टँकर वाढले, टँकरबरोबर मेंटेनन्स वाढला, आणि मेंटेनन्सबरोबर सगळ्यांचं पर्यावरणावरचं प्रेम वाढलं. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून सभा झाली. त्या सभेत मी वीस मिनिटं बोललो. आपण अंघोळीला वापरतो ते पाणी कुठल्या तरी शेतकऱ्याच्या विहिरीतून येतं, ती विहीर आटली की टँकर पुढच्या गावी जातो, आणि अशी किती गावं पुढे शिल्लक आहेत? इथे मी थांबलो आणि सगळ्यांकडे एकदा पाहिलं. शाळेत असताना नाटकात काम केलं होतं, ते असं कामाला येतं. सभेत जो जास्त बोलतो त्याच्या गळ्यात काम पडतं, या न्यायाने मला पाणी-समितीचा प्रमुख करण्यात आलं.

प्रत्येक फ्लॅटला पाण्याचा मीटर बसला. दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा मी वही घेऊन मजल्यामजल्यावर फिरे, दाराशेजारच्या लोखंडी कपाटातला आकडा टिपे आणि खाली फळ्यावर लिहून काढे. नियमही मीच लिहिले. पहिले चार साधे होते. पाचवा अध्यक्षांच्या आग्रहावरून आला. अध्यक्ष म्हणजे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, बोलणं मोजकं आणि लिंबासारखं. ते म्हणाले, "पाणी घरातली माणसं सांडत नाहीत. कामवाल्या सांडतात. नळ सोडायचा आणि गप्पा मारायच्या." सभेत एकही कामवाली नव्हती, त्यामुळे हे एकमताने पटलं. मग मी लिहिलं: 'ज्या सदनिकेचा पाणीवापर सलग दोन आठवडे मर्यादेबाहेर जाईल, त्या सदनिकेतील घरकामगाराचा प्रवेशपास रद्द करण्यात येईल.'

'करण्यात येईल' हा मराठीतला फार सोयीचा शब्दप्रयोग आहे. कोण करणार ते सांगावं लागत नाही. मी हा नियम उभा राहून खणखणीत आवाजात वाचला, आणि टाळ्या पडल्या.

घरी मी नियमांच्याही पुढे गेलो. फ्लशच्या टाकीत वाळू भरलेली बाटली ठेवली, म्हणजे तेवढं पाणी कमी भरतं. नळांना जाळ्या लावल्या. फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी नळी लावून बादलीत घेतलं. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही अंघोळीला तांब्याच्या ऐवजी चमचा घ्या ना." आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे मी एक निळं पिंप आणलं. दोनशे लिटरचं. टँकर चुकला तर हाताशी पाणी असावं म्हणून. ते मी ड्राय बाल्कनीत, म्हणजे भांडी घासण्याच्या जागेत ठेवलं. घरातल्या सगळ्यात ओल्या जागेला बिल्डर ड्राय बाल्कनी का म्हणतात, हे मला आजही कळलेलं नाही. आईला वाकावं लागू नये म्हणून पिंपाला तळाशी प्लंबरकडून एक नळ बसवून घेतला. आईने पिंपाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "हे छान केलंस."

त्यानंतरच्या रविवारी मी फळ्यावर आकडे लिहिले, तेव्हा इमारतीत सगळ्यात जास्त पाणी वापरणारा फ्लॅट आमचा होता.

मी आकडा तीनदा तपासला. मीटर ठोकून पाहिला. शेवटी तो आकडा लिहिला, जरा बारीक अक्षरात. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवून फळा वाचला. "पाणी-समितीचे प्रमुख आपणच ना?"

"हो."

"नाही, खात्री करून घेतली," असं म्हणून ते फिरायला गेले.

दुसऱ्या रविवारीही तेच झालं. सलग दोन आठवडे. मग अध्यक्ष वही घेऊन आमच्या दारात आले. त्यांनी मावशींचं नाव लिहिलेली ओळ दाखवली आणि पुढच्या रविवारच्या सभेत त्यांचा पास रद्द करण्यावर माझी सही हवी, असं सांगितलं. सही करणारा तो 'कोण', म्हणजे मीच होतो.

मावशी म्हणजे आमच्याकडे भांडी आणि केर-फरशी करणाऱ्या बाई. माझ्यापेक्षा वयाने लहानच असतील, पण कामाला येतात त्या मावशी, हा पुण्याचा नियम. बिल्डिंगच्या मागे शेताच्या बांधाला लागून वस्ती आहे, तिथून चालत येत. आमच्यासकट त्यांची चार घरं होती आणि चारही याच इमारतीत. पास फाटकावर दाखवावा लागे. तो गेला की चारही घरं गेली, आणि दोन मुलींच्या शाळेचं काय करायचं हा प्रश्न मग त्यांना एकटीने सोडवायचा होता. हे मला नियम लिहिताना सुचलं नव्हतं. वही दारात आली तेव्हा सुचलं.

मी अध्यक्षांना म्हटलं, "मला आधी चौकशी करू द्या."

"करा की," ते म्हणाले. "आपण चुका शोधण्यातले तज्ज्ञ."

गुरुवारी मी रजा टाकली. बायको साडेसातच्या बसने तिच्या ऑफिसला गेली. एरवी मीही सव्वाआठला बाहेर पडतो, पण त्या दिवशी वर्तमानपत्र उघडून दिवाणखान्यात अशा खुर्चीवर बसलो की तिथून ड्राय बाल्कनी दिसावी. खालच्या मजल्यावरचं एक घर उरकून नवाला मावशी आल्या. मी मीटरचा आकडा हाताच्या पंजावर लिहून ठेवला होता.

मावशींनी एका घमेल्यात पाणी घेतलं आणि नळ बंद केला. भांडी घासली. त्याच घमेल्यात विसळली. दुसरं घमेलं भरलं आणि पुन्हा नळ बंद. वाटीने पाणी घेऊन ताटांवरून असं फिरवत की एका वाटीत दोन ताटं व्हावीत. मी वर्तमानपत्रावरून डोळे वर काढले, खाली घातले, पुन्हा वर काढले.

"दादा, काय पायजे का?"

"नाही, नाही. वाचतोय."

"मगाधरनं त्येच पान वाचताय म्हून इचारलं."

मी पान उलटलं. भांडी संपली. बाहेर जाऊन मीटर पाहिला, तर काटा जेमतेम हललेला. परत येऊन बसतो तोच आई देवघरातून उठली, शांतपणे ड्राय बाल्कनीत गेली आणि पिंपाचा नळ पूर्ण सोडून परत पूजेला येऊन बसली. मावशींनी फरशी पुसायची बादली त्या धारेखाली सरकवली.

मला वाटलं, आई विसरली. वय झालं. मी धावत गेलो आणि नळ बंद केला. "आई, पिंपाचा नळ उघडा राहिला होता!"

"राहिला नव्हता. मी सोडलाय. उघड तो."

"का?"

"का म्हणजे काय? कालचं आहे ते. शिळं झालं."

इथे ज्यांची आई पेठेतली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पेठेत पहाटे नळाला खडकवासल्याचं पाणी येई. ते आलं की आदल्या दिवशीचा हंडा, कळशी, बादल्या सगळं मोरीत ओतायचं, भांडी घासायची आणि नव्याने भरायची. कालचं ते शिळं, आजचं ते ताजं. घरी आलेल्या माणसाला शिळं पाणी देणं म्हणजे कालची पोळी वाढण्यासारखं. लहानपणी हे मी रोज पाहिलं होतं, आणि रोज पाहिलेली गोष्ट माणसाला दिसत नाही. हंडा-कळशी होती तोवर ओतण्यालाही मर्यादा होती. मी दोनशे लिटरचं पिंप आणलं, वर तळाशी नळ बसवून दिला आणि घरातलं शिळं पाणी एकदम पिंपभर केलं. शनिवारी आई ओतत असे तेव्हा मी झोपलेला असे, आणि रविवारी वही घेऊन लोकांचे मीटर वाचत असे.

"आई, हे पाणी शिळं नसतं," मी म्हटलं. "टाकीत टँकरचं पाणी असतं. ते कधीकधी तीन दिवसांचं असतं."

"टाकीत असेल."

"मग तेच नळातून येतं ना?"

"नळातून आलं की ताजं," आई म्हणाली, आणि मला समजावल्याच्या समाधानाने तिने निरांजन लावलं.

कंपनीत एखाद्या प्रोग्रॅममध्ये इतकी भक्कम चूक सापडली असती तर मी पेढे वाटले असते. इथे नुसता उभा राहिलो. मावशी दुसरी बादली भरत होत्या.

"मावशी, तुम्हाला हे माहीत होतं?"

"व्हय की."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला?" त्यांनी बादली उचलून जिन्याकडे नेली. वॉचमन जिना धुतो, त्याला त्या रोज ती देत होत्या. परत येऊन म्हणाल्या, "तुमी पाण्याचे सायेब. म्या म्हटलं, तुमच्या घरात पाणी शिळं व्हतंय हे तुमाला म्हायती आसंल. मी दोन बादल्या धरते. पर दोनच हात हायेत." मग आई ऐकत नाही असं पाहून आवाज खाली आणला. "आमच्याकडं चौथ्या दिशी टँकर येतो, दादा. तिसऱ्या दिशीच्या पाण्याला काय बुरशी येती का? पाणी काय भाकरी हाय?"

"पण तुमचा पास जाणार आहे. तुम्हाला कळलंय ना?"

"वाचमननं सांगितलं."

"तरी तुम्ही गप्प?"

"म्हाताऱ्या माणसाची चुगली करून पास वाचवू व्हय?" त्या म्हणाल्या आणि फरशी पुसायला लागल्या. माझ्या पायापाशी आल्यावर म्हणाल्या, "पाय वर."

मी पाय वर घेतले.

संध्याकाळी बायको आल्यावर मी दार लावून घेतलं आणि तिला सगळा शोध सांगितला, पायरीपायरीने, शेवटचं वाक्य राखून. ती मान हलवत राहिली. तिला आश्चर्य वाटत नव्हतं, हे मला जरा उशिराच कळलं.

"तुलाही माहीत होतं?"

"सोळा वर्षं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मी आईंना विचारलं होतं, पाणी शिळं कसं होतं म्हणून. त्यानंतर महिनाभर त्या माझ्याशी सूचनांपुरतं बोलल्या. तेव्हापासून पाणी त्यांचं खातं आहे. आणि अहो, आकडे फळ्यावर तुम्ही लिहिता. मला वाटलं, शोधाल."

म्हणजे घरातल्या आईला माहीत होतं, बायकोला माहीत होतं, मावशींना माहीत होतं. पाणी-समितीच्या प्रमुखाला तेवढं माहीत नव्हतं.

आता करायला काय हवं होतं ते सरळ होतं. सभेत उभं राहायचं आणि सांगायचं की पाणी आमची आई ओतते. पण गुरुवार गेला, शुक्रवार गेला. आईला अख्ख्या इमारतीसमोर उभं करायचं माझ्या जिवावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर फळ्यावरचं माझं हसं मला जास्त जड जात होतं. शनिवारी सकाळपर्यंत मी एक तोड काढली. सभेत सांगायचं की फ्लशचा वॉल्व्ह गळत होता, तो बदलला. पास वाचेल, आई वाचेल आणि मीही.

बायकोने ऐकून घेतलं. "त्या वॉल्व्हचं वय अठ्ठ्याहत्तर आहे, हेही सांगणार का? आणि पुढच्या रविवारी मीटर काय म्हणेल?"

मीटर मी हिशेबात धरलाच नव्हता.

मावशी नवाला आल्या. काम झाल्यावर आई आणि त्या रोज चहा घेत. आई खुर्चीत, मावशी उंबऱ्यापाशी पाटावर. शनिवारची सुट्टी म्हणून आम्ही दोघंही घरात होतो. चहा अर्धा झाल्यावर मावशी म्हणाल्या, "आजी, सोमवारधरनं न्हाई यायची मी."

"का गं? गावाला चाललीस?"

"न्हाई. पास काढून घेणार हायेत. या घरात पाणी लई जातंय म्हणं."

"आपल्या घरात?" आई खरोखर चकित झाली. "कोण घालवतं?"

हा प्रश्न तिने अगदी निर्मळपणे विचारला. शिळं ओतणं म्हणजे पाणी घालवणं, हे तिच्या मनाला शिवलेलंच नव्हतं. गुरुवारी मी तिच्याशी ताजं आणि शिळं यावर वाद घातला होता. पास, मीटर, मावशी यातलं काहीही बोललो नव्हतो. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी कपाकडे पाहिलं.

ओट्यापाशी उभी असलेली बायको म्हणाली, "आई, ते पिंपाचं."

आईने चहा संपवला, कप खाली ठेवला आणि मावशींना विचारलं, "तुझ्यावर आलं ते?"

"व्हय."

"आणि तू बोलली नाहीस."

"काय बोलू?"

आई उठून देवघरात गेली. दुसऱ्या दिवशी पिंपाचा नळ उघडला नाही. मी ते चांगलं लक्षण मानलं.

रविवारी साडेअकराला सभा. मी वही आणि वॉल्व्ह घेऊन बसलो होतो. वॉल्व्ह खिशात होता, शनिवारी दुपारी घाईने विकत आणलेला. विषय पुकारला गेला आणि मी उठलो, तेवढ्यात लिफ्ट उघडली. आई बाहेर आली. इस्त्रीची साडी, पायात चपला, हातात काठी. मागे बायको. फाटकाशी मावशी उभ्या होत्या, पास जमा करायला बोलावलं होतं म्हणून.

कोणीतरी खुर्ची दिली. आई बसली नाही. अध्यक्षांना म्हणाली, "पाणी मी ओतते. रोज सकाळी. पिंप शिळं झालं की ओतते. माझा पास काढून घ्या."

अध्यक्ष गडबडले. "आजी, तुम्हाला पास कुठे असतो? आपण इथे राहता."

"म्हणजे मला काढता येत नाही, म्हणून हिला काढता?"

मी उभाच होतो, तोंड उघडं. आयुष्यात इतकं छोटं आणि इतकं नेमकं भाषण मी ऐकलेलं नव्हतं, आणि ते माझ्याच विरुद्ध होतं. अध्यक्षांनी आधाराला माझ्याकडे पाहिलं. मी वॉल्व्ह खिशात आणखी खाली ढकलला आणि म्हटलं, "आई बरोबर सांगतेय. मला गुरुवारपासून माहीत आहे. मावशी दोन घमेल्यांत भांडी करतात, मी पाहिलंय. नियम मी लिहिला होता, तो चूक आहे."

"शिळं पाणी?" मागून कोणीतरी म्हणालं आणि हसलं. पण बायकांच्या रांगेतून कोणी हसलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई, मूळच्या पेठेतल्याच, त्यांनी पदर नीट केला. "आम्हीपण ओततो," त्या म्हणाल्या. "हंडाच असतो, पण ओततो." मग आणखी एक जण. मग चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी आपण माठ रोज ओततो हे सांगितलं, आणि अध्यक्षांच्या पत्नी इतक्या एकाग्रतेने छताकडे पाहू लागल्या की अध्यक्षांनी विषय आवरता घेतला. पाचवा नियम मागे घेण्यात आला. तो मीच वाचला होता, त्यामुळे मागे घेतल्याचंही मीच वाचलं. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. मी समितीचा राजीनामा देतो म्हणालो. तो इतक्या तत्परतेने स्वीकारला गेला की मला वाक्य पूर्ण करायलाही अवधी मिळाला नाही.

सोमवारी मावशी आल्या. आईने त्यांच्याकडे न पाहता विचारलं, "मग शिळ्याचं काय करायचं आता?" शास्त्र तिने सोडलं नव्हतं.

"पिंप आजपासनं मी भरनार," मावशी म्हणाल्या. "दिसाला लागतं तेवढंच. राती सगळं संपाया पायजे. उरलंच न्हाई तर शिळं हुईल कसं?"

आईने थोडा विचार केला. "हे बरोबर आहे," ती म्हणाली. मी तिला टाकीचं गणित समजावत होतो, आणि तिला पटण्यासारखी गोष्ट ही होती. पुढच्या आठवड्यात आमचा आकडा फळ्याच्या मधोमध कुठेतरी गेला, जिथे कोणाचं लक्ष जात नाही.

मावशींनी एक काम मात्र माझ्याकडून करून घेतलं. नवीन प्रमुख ठरेपर्यंत पासावर सही माझीच चाले. जुन्या पासची मुदत संपत आली होती, म्हणून त्यांनी कोरा पास पुढे केला.

"कधीपर्यंतचा लिहू?"

"तारीख नका घालू."

"तारखेशिवाय पास चालत नाही, मावशी."

"दादा, तीन दिस तुमी गप व्हता. म्या मोजल्यात. तारीख नका घालू."

मी सही केली आणि तारखेची जागा मोकळी सोडली. महिन्याभराने सकाळी सव्वाआठला, मी बूट घालत असताना इंटरकॉम वाजला. फाटकावर नवीन वॉचमन होता. पाचव्या मजल्याच्या बाईंच्या पासवर तारीख नाही, काय करायचं, असं विचारत होता. मागून मावशींचा आवाज येत होता. त्या त्याला घाई करत नव्हत्या, 'इचार वर' एवढंच म्हणत होत्या.

"बरोबर आहे तो," मी म्हटलं. "सोडा वर."